इब्रामपूरच्या खणीतला बसून

माझा भाऊ सुदेश बसून वाजवतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "बसून काय वाजवतो?" आमच्या बाबांनीही हेच विचारलं होतं. सुदेश तेव्हा पणजीच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकायला होता. सुट्टीत पार्सेला घरी आला तो व्हायोलिन टाकून, हातात जवळजवळ स्वतःच्या उंचीची लाकडी नळी घेऊन. बसून नावाचं ते वाद्य शाळेत पेटीत पडून होतं, वाजवणारं कुणी नव्हतं, आणि मास्तरांनी याची लांबसडक बोटं बघून ते याच्या गळ्यात बांधलं होतं. बाबा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. त्यांनी ती नळी वरून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, "बसून? मग उभं राहून वाजवायचं काही नव्हतं तिथं?"

सुदेशने ओसरीवर बसून वाजवून दाखवलं. सनईला असते तशीच वेताची पत्ती, फक्त मोठी, ती ओठांत धरायची. आवाज मात्र सनईच्या उलट, खर्जातला, थोडा नाकातला. म्हातारं माणूस स्वतःशीच हसतं तसा. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा थट्टा केली नाही.

पुढचं सगळं त्या नळीमुळे झालं. शिष्यवृत्ती मिळून तो जर्मनीला गेला. तिथल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या ऑर्केस्ट्रात आधी दुसऱ्या खुर्चीवर बसला, काही वर्षांनी पहिल्या. मग दुसऱ्यांच्या रचना मोठ्या वाद्यमेळासाठी बांधून द्यायला लागला. कुठली चाल कुठल्या वाद्याला शोभेल, हे त्याला न वाजवता कळायचं. आमची बायकांची धालो-फुगडीची गाणी त्याने तिकडच्या वाद्यांवर चढवली. आणि पन्नाशीच्या अलीकडे तो हातात काठी घेऊन ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला, संचालक म्हणून. बाबा असते तर म्हणाले असते, शेवटी उभा राहिलास म्हणायचं. बसून पेटीत गेला.

मी त्याची थोरली बहीण विमला. तो मला बाय म्हणतो. डिचोलीच्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. माझे यजमान गोकुळदास यांचं बाजारात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांना जेवायला सवड नसायची, हल्ली दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचून होतं. हे एवढ्यासाठी सांगते की आमच्या घरात कुणी अंगात येणारं, कौल लावणारं नाही. जे घडलं ते मी जसं पाहिलं तसंच सांगणार आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सुदेश न कळवता आला. अंगाने उतरला होता. सकाळी चहात पाव बुडवता बुडवता सरळ म्हणाला, "बाय, मला बसून ऐकू येत नाही."

मला वाटलं बहिरेपणाची सुरुवात. "कान दाखवलेस?"

"तीन डॉक्टरांना. कान ठणठणीत आहेत. बाकी सगळं ऐकू येतं. व्हायोलिनं, बासरी, मागच्या रांगेतल्या माणसाचं खाकरणं. फक्त बसून नाही."

गणेशचवथीला तो घरी येऊन गेला होता. परत गेल्यावर पहिल्याच तालमीत त्याने वाद्यमेळ थांबवला आणि बसूनवाल्यांना म्हणाला, तुमची जागा चुकली, तुम्ही सुरूच केलं नाही. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्यांनी वाजवलं होतं. त्याने पुन्हा वाजवायला सांगितलं. बोटं हलताना दिसली, गाल भरताना दिसले, आणि आवाज नाही. महिनोन्‌महिने त्याने त्यांच्या बोटांकडे बघून निभावलं. एका कार्यक्रमात ते साधलं नाही, सगळ्यांदेखत घोटाळा झाला, आणि त्याने रजा टाकली.

"आणि डिसेंबरात पणजीला कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "माझीच नवी रचना. मधोमध मोठी जागा आहे, एकट्या बसूनची. अजून कागदावर उतरवली नाही. ऐकूच येत नाही तर लिहू कशी?"

मी शिक्षिका. मी तपासायला बसले. फोनवरून त्याला शुद्ध स्वर ऐकवले, बसूनच्या सगळ्यात खालच्या सुरापासून वरपर्यंत. सगळे ऐकू आले. त्याच पट्टीतला चेलो ऐकू आला. मग त्याच्याच जुन्या मैफलीतला बसून लावला. स्वयंपाकघर त्या आवाजाने भरून गेलं. सुदेश माझ्या तोंडाकडे बघत विचारत होता, "लावलास?"

कानाला कंपनं कळतात. वाद्याचं नाव कळत नाही. मी रात्रभर या एका गोष्टीवर अडले आणि सकाळी उठून गोकुळदासना म्हटलं, "त्याला जरा बाहेर न्या. मनाचा थकवा असेल."

काजूचे दिवस होते. इब्रामपूरला आमची थोडी बागायत आहे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. आम्ही तिघं गेलो. झाडाखाली बोंडूंचा, काजूच्या फळांचा, सडा पडला होता आणि हवेत तो आंबूस, नाकात चढणारा वास. दोडामार्गाकडची लक्ष्मी बरीच वर्षं आमची बागायत सांभाळते. काटा बांधलेल्या काठीने बोंडू टिपत ती पुढे सरकत होती. बिया पिळून काढायच्या, बोंडू डब्यात टाकायचे. सुदेश तिच्याबरोबर बसला. बऱ्याच दिवसांनी मी त्याला हसताना बघितलं.

दुपारी सावलीत जेवायला बसलो तेव्हा लक्ष्मी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, थंय खणीत कोणी वाजवणारो बसलोहा काय?"

बागायतीच्या वरच्या अंगाला बंद पडलेली चिरेखाण आहे, इथं तिला खण म्हणतात. यंत्राने चिरे कापून नेलेत, त्यामुळे भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ. लाल, चौकोनी, छप्पर नसलेली भलीमोठी खोलीच म्हणा. एका कोपऱ्यात हिरवं पाणी, आणि ट्रक उतरायचे तो उतार आता रानमोडीने भरलेला.

"गवा असेल," मी म्हटलं.

"गवो नाय. गवो माका म्हायत हा. ह्यो काय तरी सांगता. शबूद नायत, पण सांगता."

"कधीपासून?"

"चवथ झाली तेव्हापासून. दुपारचोच. मी थंय देवचाराक देतत तसो रोट ठेवलंय, विडी ठेवलंय. रागाचो वाटणा नाय माका. एकटो वाटता."

सुदेशचंही चवथीपासूनच. मी पानावर परत येऊन बसले. भात संपवला. हात धुवत होते तेव्हा आवाज आला.

मला तो ओळखायला क्षणही लागला नाही. पार्सेच्या ओसरीवर वर्षानुवर्षं ऐकलेला. खालून वर येणारी एक लांब चाल, मध्ये श्वासाएवढी जागा, पुन्हा चाल. गोकुळदासांचा हात तांब्यावर तसाच राहिला. लक्ष्मीने खणीकडे हात जोडले. मी सुदेशकडे पाहिलं. तो बोंडू चोखत होता, मनगटावरून रस ओघळत होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

मी आणि गोकुळदास वर चढून गेलो. आधी मी कुणाचा कर्णा शोधला, तार शोधली. मग वारा शोधला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की वाजते, तसं एखाद्या भोकातून वारा जात असणार. पान हलत नव्हतं. काठावर उभं राहिलं की आवाज खणीतून, अगदी पायाखालून येई. उतारावरून आत उतरलं की तो थांबे. वर आलं की जिथं थांबला तिथून नव्हे, पुढून सुरू. आपण आत असताना तो चालूच होता आणि आपल्यालाच ऐकू येत नव्हता, असा. गोकुळदास दोनदा उतरले, दोनदा चढले. मग शर्टाच्या बाहीने कपाळ पुसून म्हणाले, "विमला, घरी जाऊ या."

खाली आलो तर सुदेश उभा होता. चेहरा पांढरा पडलेला. लक्ष्मी त्याला तो आवाज गुणगुणून दाखवत होती. बिचारी इतके महिने रोज ऐकत होती, तिला तो पाठ झाला होता.

"ही माझी जागा आहे," सुदेश म्हणाला. "डिसेंबरची. एकट्या बसूनची."

"तू कुणाला ऐकवली असशील."

"बाय, मी ती अजून स्वतःलाही वाजवून दाखवली नाही. निम्मी फक्त डोक्यात आहे." तो थांबला. "आणि ही म्हणते ते निम्म्याच्याही पुढचं आहे. ते बरोबर आहे. तसंच व्हायला पाहिजे."

आम्ही डिचोलीला परतलो. घरी आल्यावर सुदेशने बसूनची पेटी काढली. जर्मनीहून येताना तो ती का घेऊन आला, हे मी विचारलं नव्हतं. त्याने पत्ती नवी केली, तासली, दोऱ्याने बांधली. दोन दिवस तो त्यातच होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी खाली उतरून वाजवणार आहे."

"कशासाठी?"

"तो माझं वाजवतोय. मला ऐकू येत नाही म्हणून मी घरी बसू?"

मी नको म्हटलं. गोकुळदासांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पण त्यांनीच गाडी काढली.

दुपार टळटळीत होती. सुदेश उतारावरून खाली गेला, खणीच्या मधोमध सुटून पडलेल्या एका चिऱ्यावर बसला, वाद्य जोडलं. वरून तो फार लहान दिसत होता. आम्ही तिघं काठावर. लक्ष्मीने बरोबर पाव आणला होता, तो तिने काठाशी पानावर ठेवला.

त्याने पत्ती ओठांत घेतली आणि वाजवायला लागला.

ऐकवत नव्हतं. बहिरं माणूस बोलतं तसं. सूर वर सरकायचे, अर्ध्यात फाटायचे. त्याला काहीच कळत नव्हतं. तो फक्त बोटांच्या आठवणीवर वाजवत होता.

मग समोरच्या भिंतीकडून दुसरा आवाज आला.

तो स्वच्छ होता. भरलेला, सावकाश, श्वास कुठं घ्यायचा ते माहीत असलेला. तीच चाल, पण सुदेशच्या थोडी पुढे. सुदेश मागून धडपडत होता, आणि पुढच्याला थांबायचं माहीत नव्हतं.

"ह्यो पळता," लक्ष्मी हळूच म्हणाली. "ह्येका गावणा नाय."

सुदेशने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता. आहे काय तिथं कुणी? मला ऐकू येत नाही, तुम्ही सांगा.

मला संगीत येत नाही. पण बाबांच्या पखवाजाला टाळी धरतच मी लहानाची मोठी झाले. मी काठाच्या अगदी टोकाला गेले, दोन्ही हात वर केले आणि त्या दुसऱ्याचा ठेका हातांनी दाखवायला लागले. इथं वर जातोय. इथं थांबलाय. श्वास. आता.

सुदेशला कळलं. त्याने माझ्या हातांवरून नजर काढली नाही.

गोकुळदासांनी मागून माझा पदर घट्ट धरला होता. मला ते नंतर कळलं.

एक आवर्तन चुकलं. दुसरं चुकलं.

तिसऱ्याला सुदेश त्याच्या खांद्याला आला.

मग दोघं बरोबर चालायला लागले. दोन आवाज, एक फाटका, एक भरलेला. माझे हात भरून आले होते. खाली करायची हिंमत होत नव्हती.

फाटकेपणा कमी होत गेला.

आणि एका लांब सुरावर दोनाचा एक झाला.

दोन होते तोवर कुठला कुणाचा ते सांगता येत होतं. एक झाल्यावर सांगता येईना.

शेवटचा सूर खूप खाली उतरला आणि थांबला. खणीत काही उरलं नाही. हिरव्या पाण्यावर एक चतुर फिरत होता. मी हात खाली घेतले. सुदेश वाद्य मांडीवर घेऊन बसून होता, मान खाली. मी हाक मारणारच होते.

त्यानेच मान वर केली.

"बाय," तो ओरडला, "शेवटचा सूर उतरला होता काय गो?"

मी खाली बसले आणि रडायला लागले. गोकुळदास हसत होते, हसता हसता त्यांना खोकला लागला. "उतरला होता," ते खणीत वाकून ओरडले, "पण चालेल!"

त्या संध्याकाळी आम्ही लक्ष्मीच्या मांडवात बोंडूंच्या रसाचा नीरो प्यालो, ताजा, काजूच्या वासाने घसा धरणारा. सुदेश वाजवत होता आणि थांबून स्वतःच ऐकत होता. लहान मूल नवे जोडे घालून घरभर चालतं तसं. फोनवर त्याने आपली जुनी मैफल लावली आणि पहिल्या सुराला "अरे!" म्हणून हसला. लक्ष्मीने पानावरचा पाव पाखरांना टाकला.

मी पुढे आठवडाभर त्याला तपासत राहिले. सगळं ऐकू येत होतं. खणीवरही आम्ही जाऊन आलो. दुपारभर बसलो. कोकिळा, दूरवरचा ट्रक, बाकी शांत. लक्ष्मीला जरा चुकल्यासारखं वाटत होतं. "बरा झाला," ती म्हणाली, "पण दुपार सुनी लागता." मला मात्र असं हलकं कधीच वाटलं नव्हतं. जे कळलं नाही ते नाही कळलं. माझा भाऊ मला परत मिळाला होता. शाळेत मी मुलांना सांगायचे, उत्तर नाही आलं तर पान कोरं सोडा, खोटं लिहू नका. मी ते पान कोरं सोडलं.

सुदेशने ती जागा तिथंच, आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहून काढली आणि जर्मनीला परत गेला. दर रविवारी फोन यायचा. तिकडच्या तालमी उत्तम चालल्या होत्या. बसूनवाल्यांशी त्याने मोकळेपणाने सगळं बोलून घेतलं होतं, माणसं परत जवळ आली होती. आवाजातच कळायचं, तो बरा होता.

डिसेंबरात पणजीच्या सभागृहात आम्ही पुढून चौथ्या रांगेत बसलो होतो. लक्ष्मीलाही आणलं होतं, नव्या लुगड्यात ती अंग चोरून बसली होती. वाद्यमेळ इथलाच होता, काही वादक मुंबईचे. बसून दोनच. पहिल्या खुर्चीवर म्हापशाची संजना, तिच्या शेजारी मुंबईचा एक मध्यमवयीन वादक.

रचना धालोच्या चालीवरून सुरू झाली. बायका मांडावर, धालो खेळायच्या अंगणात, एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे येतात, मागे जातात, तशी व्हायोलिनं पुढे आली, मागे गेली. मग सगळी थांबली आणि संजना एकटी वाजवायला लागली. सभागृहात कुणी खाकरलं नाही. लक्ष्मीने माझा हात धरला. तिचे ओठ हलत होते, तिला पुढचं सगळं पाठ होतं. सुदेश काठी खाली घेऊन नुसता ऐकत उभा होता, चेहऱ्यावर इतकं समाधान की मला बघवेना.

संपलं तेव्हा लोक उभे राहिले. गोकुळदास तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवणार होते, मी त्यांना आवरलं. सुदेशने लोकांना वाकून नमस्कार केला आणि मग वादकांकडे वळला. तिकडची रीत असते, ज्यांनी विशेष वाजवलं त्यांना संचालक हाताने खूण करून एकेकाला उभं करतो, आणि लोक त्यांच्यासाठी वेगळ्या टाळ्या वाजवतात.

त्याने आधी संजनाला उभं केलं. टाळ्या वाढल्या. मग मुंबईच्या वादकाला.

मग त्याचा हात, तळवा वर केलेला, थोडा पुढे सरकला आणि त्या वादकाच्या पलीकडे, जिथं खुर्ची नव्हती, तिथं पुन्हा वर उचलला गेला. सुदेश थांबला. बसलेल्या माणसाला वाद्य सावरून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग त्याने हसून मान लववली.

मुंबईचा वादक तिकडे न बघता, शेजाऱ्याला नीट उभं राहता यावं म्हणून सरकावं तसा, जरासा संजनाकडे सरकला.